शून्य हप्ता

क्रूझच्या विम्यासाठी निनादने बायकोला, केतकीला आणलेलं हे सहावं ऑफिस. तिची बायपास झालेली, त्यात जुना मधुमेह. यंत्राने रक्ताच्या थेंबावरून तिचं पुढचं वर्ष वाचलं की हप्ता तिकिटाच्या दुप्पट निघायचा. फाइल काखेत मारून फिरताना निनाद पार मेटाकुटीला आला होता.

इथे मात्र तिचा हप्ता परवडणारा निघाला. मग निनादने बोट पुढे केलं. त्याचा निघाला शून्य.

"धडधाकट माणसाची चैन आहे बाबा," केतकी कौतुकाने म्हणाली.

खिडकीतली बाई मान वर करेना. निनादला शेजारचे कर्णिक आठवले. त्यांनीही शून्य हप्त्याचे पेढे वाटले होते आणि जहाज सुटायच्या आधीच ते गेले. जो जहाजावर चढणारच नाही, त्याचा कंपनीला धोका कसला?

त्यांचं जहाज दिवाळीनंतरचं होतं.

"या आठवड्यात एखादं जहाज सुटतंय का?" त्याने हळूच विचारलं. "असेल तर त्याचा माझा हप्ता काढा."

पडद्यावर आकडा उमटला. तिकिटाच्या तिप्पट.

"एवढा? काहीतरी चुकलंय यांच्या यंत्राचं," केतकी म्हणाली.

म्हणजे या जहाजावर तरी तो चढणार होता. कितीतरी दिवसांनी निनादला हायसं वाटलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "याच जहाजाचा दोघांचाही भरून घ्या."