नोटिशीला हरकत

"तक्रारदारच तक्रार मागे घेतोय म्हटल्यावर विषय संपला," साहेब म्हणाले. "दंड नाही की काही नाही, ताई. इथे सही करा आणि मोकळ्या व्हा."

चंदनबाला पाटलांनी पुढे आलेल्या पेनाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"न्हाई सायेब. मी नोटिशीला हरकत घेतलीया. सुनावनी हुंद्या."

शेजारच्या खुर्चीत तक्रारदार उदयसिंह दचकून सरळ बसला. सांगली महापालिकेच्या या कचेरीत यायला तो सकाळीच शिरवळहून निघाला होता. अर्ज द्यायचा, हात जोडायचे आणि दुपारच्या गाडीने परत फिरायचं, असा त्याचा बेत होता. बाई अशी आडवी लागेल हे त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

प्रकरण तसं चिल्लर होतं. गेल्या वर्षी तो परीक्षेच्या अभ्यासासाठी सांगलीत खोली घेऊन राहत होता. खिडकीखालीच या बाईंच्या घरामागचं परडं. त्यांची मुलगी कीर्ती पोलीस भरतीची तयारी करायची. रोज पहाटे पाचला तिची गोळाफेक सुरू व्हायची, आणि लोखंडी गोळा लांब गडगडत जाऊ नये म्हणून कुंपणाला उभ्या केलेल्या पत्र्यावर तो धाडधाड आदळायचा. रात्रभर वाचून नुकता डोळा लागलेल्या माणसाने किती दिवस सोसायचं? एका पहाटे त्याने मोबाइलवर तो आवाज रेकॉर्ड केला, पेनड्राइव्हवर घालून तक्रारीला जोडला, आणि चारच दिवसांत शिरवळच्या कंपनीत नोकरी लागल्यावर खोली सोडली. तक्रार तो विसरूनही गेला. कचेरी विसरली नाही. तिला फक्त नोटीस काढायला अकरा महिने लागले. घर चंदनबालांच्या नावावर, म्हणून नोटीसही त्यांच्याच नावे निघाली.

तक्रारीला जोडलेलं रेकॉर्डिंग त्याने शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं, ही त्याची खरी चूक. सुनावणीचं पत्र आलं तेव्हा त्याने मोबाइलमधली जुनी फाइल शोधून ऐकली. शेवटी त्याचा स्वतःचाच आवाज होता, खिडकीतून त्या पोरीवर ओरडलेला. त्याने मोबाइलमधली फाइल पुसून टाकली. पण कचेरीतली कशी पुसणार? कंपनीत त्याला कायम करायचा कागद तयार होता, फक्त पोलिसांचा दाखला यायचा बाकी होता. ते शब्द साहेबांनी ऐकले आणि उलट त्याच्यावरच पोलिसांत गुन्हा नोंदवायला लावला, तर सगळंच मुसळ केरात.

"काकू," तो हळूच म्हणाला, "झालं गेलं सोडून द्या की. मी माघार घेतोय न्हवं?"

बाईंनी मान वळवली नाही. हिला माहीत आहे, उदयसिंहाने ओळखलं. त्या पहाटे ती परड्यातच होती, तिने सगळं ऐकलं होतं. आज ती हिशोब चुकता करायला आली होती. मुलगी बरोबर दिसत नव्हती. भरती होऊन ट्रेनिंगला गेली असणार. पोलीस झालेली लेक पाठीशी आहे, म्हणून एवढा ताठा.

"तक्रार मागं घेतली, तर नोटिशीत लिवल्याला त्यो पेनड्राइव, त्येचं काय करतासा?" बाईंनी साहेबांना विचारलं.

"फाइल बंद. तो नष्ट करतो."

"आनि हरकत कायम ठेवली तर?"

"तर पुरावा दोघांसमोर ऐकवावा लागेल. पण ताई, कशाला? आवाज तुमच्या घरचा निघाला, तर दंड तुम्हालाच बसेल."

"बसूंद्या. आवाज माज्या घरचा हाय का न्हाई, ते मलाबी ऐकायचंय."

"साहेब, रेकॉर्डिंग नीट आलेलं नाही," उदयसिंह घाईने म्हणाला. "काहीच कळत नाही त्यात."

"मग जोडलं कशाला?" साहेब वैतागले. त्यांनी फाइलमधलं पाकीट फाडलं आणि पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला. चंदनबालांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांचे हात टेबलाच्या कडेवर घट्ट बसले होते. उदयसिंहाला आता पळून जावंसं वाटत होतं.

धाड. पत्रा कडाडला.

"सव्वीस," एक मुलगी धापा टाकत ओरडली.

धाड.

"सत्तावीस. आई, बघ की, रेघंच्या फुडं गेला आज."

"व्हय गं बाई, बघितला. दूध थंड हुतंय तुजं."

"आजून तीनच. मोज तू."

धाड. मग खिडकी उघडल्याचा आवाज, आणि अगदी जवळून, रागाने फाटलेला उदयसिंहाचा आवाज.

"ए भवाने, लोकांनी झोपायचं का न्हाई? मर की एकदाची!"

रेकॉर्डिंग थांबलं. साहेबांनी चष्म्यावरून उदयसिंहाकडे रोखून पाहिलं. तो उभा राहिला, खाली मान घालून.

"काकू, चुकलं माझं. तुम्ही म्हणाल ती शिक्षा."

चंदनबालांनी डोळे मिटून घेतले होते. ते उघडायला त्यांना बराच वेळ लागला.

"सायेब," त्या म्हणाल्या, "आवाज माज्याच घरचा हाय. नोटीस मान्य, दंड भरते. ह्या पोराव काय लिहू नगा."

"मग ताई, इतकी हरकत घेतली कशासाठी?"

"ह्याची येक नक्कल द्या मला. धा म्हैनं झालं कीर्तीला जाऊन. फोटू लय हायत घरात, आवाज कुटंच न्हवता."