पेर्लामावशीचा दगड

"डावीकडे झुकतोय," फाटकाबाहेरून नाऊमकाका ओरडले.

ओल्गाने दगडाला खांदा लावला आणि दात आवळले. पेर्लामावशीच्या कबरीवरचा आडवा झालेला दगड तिने पहारीने एकटीने उभा केला होता. आता कुणीतरी तो धरायला हवा होता, म्हणजे तिला बुडाशी सिमेंट भरता आलं असतं. सोडला की तो पडणार, आणि पडला की फुटणार. घमेल्यातलं सिमेंट घट्ट होत चाललं होतं. आणि दुपारच्या झोपेच्या वेळी मोईसेस व्हील गावात कुत्रंसुद्धा हलत नाही.

उद्या ती कायमची शहरात, रोसारिओला लेकीकडे चालली होती. गावातले ज्यू एकेक करून शहरात गेले, दफनभूमी तेवढी तिच्या गळ्यात मारून. उरलं कोण, तर हे नाऊमकाका. कोहेन, म्हणजे पुरोहितांच्या कुळातले. कोहेनाने कबरींमध्ये पाय टाकायचा नाही, म्हणून जन्मभर फाटकाबाहेर उभे. तिथून सल्ले मात्र फुकट. इथे शेवाळ चढलंय, तिथे अक्षरं पुसलीयत. त्यातही पेर्लामावशीच्याच दगडावर सगळं लक्ष. ओल्गाला अगदी वीट आला होता.

"काका, तोंड चालवण्यापेक्षा जरा हात लावा."

"मला आत येता येत नाही, ठाऊक आहे तुला."

"मग माझ्या मावशीच्या दगडाची उठाठेव तुम्हाला कशाला? कोण लागत होती ती तुमची?"

काकांनी हातातल्या पेल्यातला चहा ओढायची नळी तोंडातून काढली.

"कुणी नाही. काडीमोड झालेली बाई. कोहेनाला तशी बायको करता येत नाही. ती स्वतः माझ्या दारात आली होती लग्नाचं विचारायला. मी नियम सांगितला आणि दार लावून घेतलं."

मावशी शेवटपर्यंत एकटी राहिली होती. का, ते घरात कुणी कधी बोललं नव्हतं. ओल्गाला चीड आली, आणि ती कुणावर काढावी तेही कळेना. तिचा खांदा भरून आला होता.

"मग आता तरी या. चार पावलं आहेत. कोण बघतंय इथे?"

काकांनी फाटकाची कडी काढली. पाय उचलला. तो तसाच मागे घेतला.

"आज मोडला नियम, तर वर भेटल्यावर पेर्ला विचारेल, तेव्हा काय धाड भरली होती?"