खिळ्यावरची टोपी

पुढची बस सकाळीच होती, म्हणून आम्ही नवराबायको सॅक घेऊन त्या समुद्रकाठच्या शांत गावात रात्रीपुरते उतरलो.

लॉजच्या खोलीचं दार उघडेना. घरी डब्याचं झाकणही मला उघडायला लावणाऱ्या बायकोने ते दार जरा वर उचलून खांद्याने ढकललं. दार निमूट उघडलं.

"आधी आली होतीस की काय?" मी हसलो.

"छे रे! पहिल्यांदाच."

दारामागे खिळ्यावर एक टोपी होती. माझ्याच टोपीसारखी, फक्त उन्हाने पार विटलेली. फाटलेल्या कडेला तेच लाल दोऱ्याचे टाके, बायकोने परवा माझ्या टोपीला घातलेले.

मी डोकं चाचपलं. माझी टोपी डोक्यावरच होती.

मी खिळ्याकडे हात नेला.

"राहू दे," बुटाची नाडी सोडता सोडता बायको म्हणाली, "ती आधीच्याची आहे."