अर्धा कप

चिंचणीत माईंना सगळे चिकट म्हणत, कारण त्यांच्याकडे आल्यागेल्याला अर्धा कपच चहा मिळे. माई ऐकून घेत. चहा ओटीवर आणायची त्यांची तिशीतली लेक, विजया. तिला एसटीच्या सगळ्या वेळा तोंडपाठ होत्या, पण चालताना हात तिचं ऐकत नसे. भरलेला कप ओटीपर्यंत जाताना सांडायचाच.

माई आजारी पडल्या तेव्हा शेजारी बघायला आले. विजयाने एकटीने चहा केला आणि कप काठोकाठ भरायला घेतले. खाटेवरून माईंना ते दिसत होतं, पण आवाज फुटेना.

तेवढ्यात ओटीवरून विश्राम बोलला. माईंना चिकट म्हणण्यात तोच सगळ्यांत पुढे असे.

"विजया, कप अर्धेच भर गो. लागला तर आमी परत मागू."