पाणी मागच्या सायकलवर

सातवी बाटली काही केल्या बसेना. धाकटीनं ती कॅरिअरवर आडवी लावून पाहिली, उभी लावून पाहिली, शेवटी जुन्या ट्यूबची पट्टी घेऊन सीटखालच्या दांड्याला करकचून आवळली. मग सायकल गदागदा हलवली. एकही बाटली कुरकुरली नाही.

“झाला का टँकर तयार?” नवरा दारातून म्हणाला.

“टँकर गळतो. ही गळायची नाही.”

बाटल्या लावणं हे तिचं शास्त्र होतं. दोन सांगाड्याच्या पोटात, दोन पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांना, दोन कॅरिअरच्या बाजूंना, जितक्या खाली जातील तितक्या खाली. पाणी वर गेलं की चढावर सायकल झिंगल्यासारखी डुलते. सातवी तेवढी वर, म्हणून ती आधी संपवायची. पुढं एकदा डावीकडची, एकदा उजवीकडची, नाहीतर दुपारपर्यंत हँडल एका बाजूला ओढू लागतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दहा वर्षं ताईच्या मागून भटकताना तिच्या हातांनीच ते शिकून घेतलं होतं.

ताई म्हणजे थोरली बहीण. आईच्या कपाटातले सगळे कप ताईचे. शाळेच्या मैदानावर ताई अनवाणी धावायची आणि धाकटी तिच्या चपला छातीशी धरून दोरीपाशी उभी असायची. कुणी विचारलं, तर मान ताठ करून सांगायची, “ह्या पहिल्या येणाऱ्या मुलीच्या चपला आहेत.”

आता पन्नाशी ओलांडलेली ताई मोठा माळ पार करणार होती. दीड दिवसाची वाट, ना विहीर ना झाड. पलीकडच्या चौकीत सायकल मंडळाची एक जाड वही होती. माळ पार करणाऱ्याचं नाव तीत लिहीत. चाळीस वर्षांत अकरा नावं, बाई एकही नाही. त्या वहीत ताईचं नाव पडलेलं धाकटीला डोळ्यांनी बघायचं होतं. पत्रं, नकाशे, परवानग्या हे ताईचं खातं. धाकटीचं खातं पाणी.

“पाणी सगळं तुझ्याकडे,” निघताना ताईनं बजावलं. “माझ्या सायकलला एकही बाटली लावायची नाही.”

“लावूच देणार नाही. तू नुसतं पायडल मार.”

“आणि माझ्या मागेच राहा. चाकाला चाक लावून.”

माळावर वारा समोरून होता. ताई हँडलवर ओणवी होऊन त्यात घुसत होती. मागं धाकटीला वारा जवळजवळ लागतच नव्हता. समोर ताईची घामानं भिजलेली पाठ, खाली आपल्या सात बाटल्यांचं डचमळणं. एवढं ओझं घेऊन आपण मागं पडलो नाही, ह्याचं तिला मनातून फार कौतुक वाटत होतं.

दुपारी एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं थंडगार पाण्याचा कॅन पुढं केला. “घ्या हो मावशी, लाजताय काय?”

धाकटीनं हात पुढं केला.

“तू नको घेऊस,” ताई एवढ्या जोरात म्हणाली, की ड्रायव्हरच दचकला.

“तुमची बहीण फार कडक दिसते.”

“कडक आहे म्हणूनच इथवर आली,” धाकटी म्हणाली आणि आपल्या डाव्या बाटलीतलं कोमट पाणी प्यायली. ताईनं मात्र दोनच घोट घेतले.

“अगं, पी की. तुझ्यासाठीच वाहतेय ना मी?”

“माझं भागतं तेवढ्यात.”

दुसऱ्या दिवशी शेवटच्या चढावर ताईचा श्वास भात्यासारखा चालला होता. चौकीचं छप्पर दिसलं तशी ती खाली उतरली. “तू हो पुढं. मला जरा बुटाची नाडी बांधायचीय.”

“मी कशाला पुढं होऊ? लोक तुला बघायला थांबलेत.” धाकटी तिथंच पाय रोवून उभी राहिली. “बांध सावकाश.”

ताई हसली. नाडी सुटलेली नव्हतीच.

आत टेबलामागं मंडळाचे कारकून बसले होते. ताईनं पाकीट पुढं केलं. ते कागद लावेपर्यंत धाकटीनं भिंतीवरची पाटी वाचली. अर्जदारानं आपलं पाणी आपल्याच सायकलवर वाहिलेलं असावं. वाटेत कुणाकडूनही घेऊ नये.

दीड दिवस ज्याचा अभिमान मिरवला, त्याच पाण्यानं ताईचा घात केला होता.

“पाणी कुणाच्या सायकलवर होतं?” कारकुनांनी विचारलं.

“ताईच्या,” धाकटी पटकन म्हणाली. “ती दमली, म्हणून आत्ताच, ह्या दारात, मी माझ्याकडे घेतलं.”

“सात बाटल्या? दारात?”

“माझा हात चालतो भरभर.”

“खोटं बोलतेय ती,” ताई शांतपणे म्हणाली. “पहिल्या वळणापासून सगळं पाणी हिनंच वाहिलंय. बाहेरचा थेंब घेतला नाही. मी एक बाटली उचलली नाही.”

“ताई, गप्प बस ना गं.” धाकटी टेबलाकडे वळली. “साहेब, हिचं ऐकू नका. एवढी आली आहे ती. एक नाव लिहायला तुमचं काय जातंय?”

कारकुनांनी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. “मी लिहायलाच बसलोय, बाई. तुम्ही का भांडताय तेच कळेना.”

त्यांनी अर्ज फिरवून धाकटीपुढं सरकवला. अर्जदार म्हणून ताईच्या टपोऱ्या अक्षरात धाकटीचं नाव होतं आणि अगदी खाली, ‘सोबतीला’ ह्या रकान्यात, ताईचं.