उरलेली वीज

त्या घरात बाहेरून वीज येतच नव्हती. सगळा कारभार छतावरच्या सोलर पॅनलवर चालायचा. वीज घराला पुरून उरायची, आणि तिथेच काकूंचं नशीब फुटलं. बॅटरी बाराला भरली की पुढची वीज वाया जाणार, म्हणून काका मीटरसमोरच्या खुर्चीतून हाक मारायचे, "अगं, फुल झाली! लाव मशीन!" मग धुणं, इस्त्री, दळण, टाकीत पाणी चढवणं, सगळं तीनच्या आत. दुपारी पाठ टेकणं म्हणजे काय, हे काकू दोन वर्षांत विसरल्या होत्या.

गेल्या पंधरवड्यात मात्र बॅटरी चार वाजेपर्यंत भरेना. काकू जेवल्यावर चक्क तासभर झोपू लागल्या. काकांच्या जिवाला घोर लागला आणि त्यांनी मेकॅनिकला बोलावलं.

मेकॅनिक वर गेला. त्याच्या पावलांचा आवाज ऐकत काकू डोळे मिटून पडून राहिल्या, पण झोप कसली येतेय!

तो घाम पुसत खाली आला. "काका, पॅनल थकली. आता एवढंच मिळायचं."

"दोन वर्षांत?"

"वर ऊन काय कमी आहे? तुम्ही दिवसभर उन्हात उभं राहून बघा, तुम्हीही थकाल."

काका पुटपुटत मीटरकडे वळले. काकूंनी उठून मेकॅनिकला पाणी दिलं. रिकामा पेला परत देताना तो हळूच म्हणाला,



"काकू, चादर दोनच पॅनलवर घाला. तीन झाकलीत तर फ्रीज बंद पडेल."