गार हात

“हिचे हात गार आणि स्वभाव हातांहून गार,” असं तो तिच्या बहिणीसमोर बोलून गेला, तेव्हापासून तिने अबोला धरला होता. आज चौथा दिवस. तोंडाला कुलूप आणि किल्ली विहिरीत.

समेट व्हावा म्हणून त्याने तिच्या आवडीचे चॉकलेट ट्रफल्स करायला घेतले. क्रीम आणि चॉकलेटचं मिश्रण फ्रिजमध्ये छान घट्ट झालं होतं. आता फक्त गोळे वळून कोकोत घोळवायचे होते. दर वेळी तो ओट्यावरच्या टॉवेलवर हात दाबून दाबून पुसायचा, पण गोळा त्याच्या तळहातावर आला रे आला की वितळायचा आणि मनगटापर्यंत ओघळायचा.

“असं का होतंय बाबा?” त्याने फ्रिजला विचारलं.

फ्रिज गप्प. दारात उभी राहून बघणारी तीही गप्प.

“याला गार हातांचं माणूस लागतं म्हणे,” तो पातेल्याला म्हणाला.

सहावा गोळा ओट्यावर सांडला, तेव्हा मात्र तिला राहवेना.

“व्हा बाजूला. नासवाल सगळं.”

बघता बघता तिने चोवीस गोळे वळले, एकासारखा एक. हात चालू लागले तशी जीभही चालू लागली. आधी टोमणे, मग हसू.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. या वेळी तिला. आणि हात धुवायला न्हाणीघरात गेला.

तिने हात पुसायला ओट्यावरचा टॉवेल उचलला.



खाली गरम पाण्याची पिशवी होती, अजून चांगलीच कढत.